मराठीसाठी सहा दाबा

"तूच ठरव," असं नवीन म्हणाला आणि यामिनी पुरती अडकली.

बायकोला निर्णयाचं स्वातंत्र्य द्यायची ही एक खास तऱ्हा आहे. आधी घरातल्या सगळ्यांनी आपापलं मन बनवायचं, ते जेवताना चारचौघांत बोलून दाखवायचं, आणि मग हात धुता धुता म्हणायचं की बाई गं, तूच ठरव, तुझ्यावर कसली जबरदस्ती नाही. म्हणजे हो म्हटलं तर तिची मर्जी आणि नाही म्हटलं तर तिचा हट्ट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर पुन्हा उडी मारायची मोकळीक.

प्रश्न तसा क्षुल्लक होता. गच्चीवरची डिश बदलायची की नाही, एवढाच. चेन्नईत पेरंबूरच्या त्यांच्या इमारतीला लागून पूर्वेला एक लाकडाची वखार होती. ती गेली आणि तिथे एक टोलेजंग इमारत उभी राहिली. तेव्हापासून टीव्हीवरची माणसं बोलता बोलता चौकोनांत फुटायला लागली. नाक एकीकडे, ओठ दुसरीकडे आणि आवाज घशात अडकलेला. डिश बसवणारे राममूर्ती वर जाऊन आले आणि त्यांनी नव्या इमारतीकडे बोट दाखवलं. तुमच्या कंपनीचा उपग्रह हिच्यामागे गेला, म्हणाले. दुसऱ्या एका कंपनीचा मात्र थेट डोक्यावर आहे, त्याला कोण झाकणार? कंपनी इकडचीच, तमिळ वाहिन्यांचा ढीग, क्रिकेट लख्ख. वर्षाचे पैसे एकदम भरले की डिश फुकट.

"आणि मराठी?" यामिनीने विचारलं.

राममूर्तींनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. कन्नड होती, बंगाली होती, भोजपुरीसुद्धा होती. मराठी नव्हती.

यामिनीची मराठी म्हणजे संध्याकाळी साडेसातची मालिका. ती मालिका काही धड होती असं नाही. तिच्यातली सून कित्येक वर्षं छळ सोसत होती, झोपतानाही भरजरी साडी नेसत होती, आणि दर शुक्रवारी कोणीतरी जिन्यावरून पडत होतं. यामिनीला हे सगळं कळत होतं. पण त्या मालिकेतल्या बायका 'अगं बाई' म्हणायच्या. 'पातेलं उतरव' म्हणायच्या. 'उगीच जिवाला लावून घेऊ नकोस' म्हणायच्या. या घरात दिवसभरात तिच्या कानावर पडणारी मराठी तेवढीच. ती गेली तर यामिनीला स्वतःशी बोलण्याखेरीज मराठी उरणार नव्हती, आणि स्वतःशी बोलणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते काही वेगळं सांगायला नको.

गंमत अशी, की हे घर मराठी होतं. म्हणूनच तर तिला इथे दिली होती. स्थळ चेन्नईचं म्हटल्यावर सोलापुरात तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. वडिलांनी मात्र बघण्याच्या कार्यक्रमात होणाऱ्या व्याह्यांना, जनकोजीरावांना, एकच प्रश्न विचारला, "घरात बोलता काय?" जनकोजीराव ताठ बसून म्हणाले, "मराठीच. वाडवडील तंजावुरास गेल्या दिवसापासून मराठीच." झालं. वडील मागे वळून आईला म्हणाले, पोरगी परमुलखात कुठे चाललीय, आपल्याच माणसांत चाललीय.

आपल्याच माणसांत आल्यावर पहिल्या दिवशी सासूबाई, विशालाक्षी, तिला म्हणाल्या, "अस्कं वाढून घे, लेंकरा." अस्कं म्हणजे सगळं, हे तिला नवीनने रात्री सांगितलं. तोवर ती अर्धपोटी उठली होती. तिचं सोलापुरी भरभर बोलणं विशालाक्षींच्या डोक्यावरून जायचं आणि त्यांची तीनशे वर्षं मुरलेली, तमिळ हेल काढणारी मराठी हिच्या. प्रत्येकीला वाटायचं, आपली खरी आणि दुसरीची बिघडलेली. तोंडाने कोणीच बोललं नाही. दोघीही भल्या घरच्या. फक्त हळूहळू दोघी एकमेकींशी तमिळमध्ये बोलायला लागल्या, आणि त्यांतल्या एकीला ती येतही नव्हती. नवीनही त्यांच्यात सामील झाला. जनकोजीराव गेले. अनन्या झाली, ती तमिळमध्ये रडली आणि इंग्रजीत शाळेत गेली. तिच्या तोंडी मराठी शब्द एकच होता, 'आई'. तेवढा यामिनीने हट्टाने टिकवला होता.

"मोबाईलवर बघ ना, आई," अनन्या तमिळमध्ये म्हणाली. "ॲप आहे की."

ॲप होतं. पण मोबाईलवर, कानात बोंडं घालून, पलंगाच्या कोपऱ्यात बसून बघायचं म्हणजे पंगतीतून उठवून ओसरीवर वाढल्यासारखं. टीव्हीचं तसं नसतं. टीव्ही दिवाणखान्यात असतो, त्यातला आवाज घरभर जातो. अर्धा तास का होईना, हे घर मराठी बोलायचं, कोणाला आवडो न आवडो.

आवडत कोणालाच नव्हतं. नवीन एग्मोरच्या बँकेतून यायचा तो थेट आंघोळीला. अनन्या दार लावून अभ्यासाला बसायची. आणि विशालाक्षी? त्यांचं वागणं तर यामिनीला सगळ्यात जास्त लागायचं. साडेसात वाजले की त्या पालेभाजीची परडी घेऊन यायच्या, भिंतीलगतच्या काचेच्या कपाटासमोर आपला बुटका पाट ठेवायच्या आणि टीव्हीला पाठ करून भाजी निवडत बसायच्या. त्या कपाटात नवरात्रात मांडायच्या बाहुल्या वर्षभर दाटीवाटीने उभ्या असत. सुनेच्या मालिकेपेक्षा त्या मातीच्या बाहुल्या बऱ्या. मालिका संपली की त्या उठायच्या, परडी आत ठेवायच्या आणि आठच्या तमिळ मालिकेला टीव्हीकडे तोंड करून नीट खुर्चीत बसायच्या. इतकी वर्षं यामिनीने ती पाठ पाहिली होती आणि गिळून टाकली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर तूच ठरव म्हटल्यावर यामिनीने ठरवायचं टाळलं, आणि टाळण्यासाठी जुन्या कंपनीला फोन केला. आधी तमिळ, मग हिंदी, मग आणखी कोणकोण, आणि शेवटी यंत्रातली बाई म्हणाली, मराठीसाठी सहा दाबा. यामिनीने सहा दाबलं.

"नमस्कार, मी कल्पना. आपल्याला काय मदत करू शकते?"

"कनेक्शन बंद करायचंय बहुतेक," यामिनी म्हणाली. "चित्र फुटतं हो सारखं. नुसता वैताग आलाय बघा."

पलीकडे थोडा वेळ टकटक झाली. मग ती मुलगी कागदावरचं बोलणं सोडून म्हणाली, "ताई, तुम्ही सोलापूरकडच्या का? माझं माहेर बार्शी."

आता बार्शी म्हणजे सोलापूर नव्हे. सोलापुरात असती तर यामिनीने बार्शीकरणीला विचारलंही नसतं. पण पेरंबूरच्या स्वयंपाकघरात उभ्या बाईला बार्शी म्हणजे सख्ख्या मावशीचं घर. दोघी शेंगाचटणीवर बोलल्या, कडक भाकरीवर बोलल्या. फोन ठेवल्यावर यामिनीच्या लक्षात आलं की कनेक्शनचं राहूनच गेलं आणि आपण हसत होतो.

सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला वळवून आणायचं या कंपन्यांत एक खातंच निराळं असतं, आणि तिथे तुमचं नाव एकदा जिच्या पदरात पडलं ती तुम्हाला सोडत नाही. कल्पना आपणहून फोन करू लागली. ताई, एक महिना फुकट देते. ताई, डिश गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवून बघा. ताई, ठरलं का काही? गोड बोलायचा तिला पगार होता हे यामिनीला कळत होतं. पण फुकट तरी कोण बोलत होतं?

डिश दुसऱ्या टोकाला हलवून झाली. चौकोन थोडे मोठे झाले.

घरात कोणी तोंडाने काही म्हणेना, हे जास्त वाईट होतं. सामन्याच्या शेवटच्या षटकात फलंदाजाची बॅट वर गेली आणि तिथेच थिजली. नवीनने शांतपणे टीव्ही बंद केला आणि मुकाट जेवून घेतलं. विशालाक्षींच्या मालिकेत ज्या लग्नाची त्या कित्येक महिने वाट बघत होत्या, ते चौकोनांतच लागलं. "राहू दे, त्यात काय," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. कोणी भांडलं असतं तर यामिनीने कंबर कसली असती. समजूतदार माणसांशी भांडता येत नाही. त्यांच्या समजूतदारपणाखाली आपण नुसतं चेंगरत राहायचं.

आणि मग तिच्याच मालिकेत ते झालं. ती सून, कित्येक वर्षं सोसणारी, अखेर बॅग भरून उठली. जिना उतरली. सासू ओरडली, तिने ऐकलं नाही. दारापाशी आली, कडी काढली, दार उघडलं. यामिनी खुर्चीच्या कडेवर आली. सुनेने पाऊल उचललं आणि तिचे चौकोन झाले. दाराचे झाले, घराचे झाले. मग निळा पडदा आला आणि सिग्नल नाही अशी ओळ आली.

यामिनी बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत बसली. पाठमोऱ्या विशालाक्षींचे हातही भाजीत थांबले होते, पण ते तिने पाहिलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की जे धरून बसलोय तेही आपल्याला दिसत नाही, मग धरलंय कशाला?

दुसऱ्या दिवशी तिने सहा दाबलं आणि कल्पनाला मागून घेतलं.

"बंद कर बाई."

"नक्की ना, ताई?" कल्पना म्हणाली. "कारण काय लिहू? मला इथे भरावं लागतं."

"घरात कोणी बघत नाही असं लिही."

"तुम्ही बघता ना."

"मी एकटीच."

पलीकडे टकटक थांबली. "एकट्या माणसाचंही चालू ठेवतो आम्ही, ताई," कल्पना म्हणाली. हे कागदावर लिहिलेलं होतं की तिचं स्वतःचं, कोण जाणे. "नको," यामिनी म्हणाली. "एकटीसाठी कशाला." मग कल्पना म्हणाली, "काळजी घ्या हं," आणि फोन पुन्हा यंत्रातल्या बाईच्या हाती गेला. संभाषण कसं वाटलं, एक ते पाचमध्ये सांगा. यामिनीने पाच दाबलं. पुन्हा एकदा दाबलं, पण तोवर फोन बंद झाला होता.

नवी डिश आली. वर्षाचे पैसे भरले, आता वर्षभर हलायचं नाही. जुनी डिश कंपनी परत नेत नाही म्हणे. ती गच्चीवरच राहिली, पापड-सांडगे वाळवायला बरी म्हणून. रात्री नवीनने लख्ख सामना पाहिला आणि तो मनापासून म्हणाला, "बघ, तू ठरवलंस म्हणून झालं."

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले. लावायला काही नव्हतं म्हणून टीव्ही कोणी लावला नाही. यामिनी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती. बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला. सवयच ती. विशालाक्षी परडी घेऊन आल्या असणार.

फोडणी झाली, तरी बाहेर भाजी खुडल्याचा आवाज नाही. परडी आपणच आत आणावी म्हणून यामिनी हात पुसत बाहेर आली. विशालाक्षी पाटावर बसल्या होत्या, परडी मांडीवर तशीच, हात परडीच्या कडेवर, नजर कपाटाकडे. यामिनी त्यांच्या मागे जाऊन वाकली आणि वाकल्या वाकल्या तिची नजर त्यांच्या नजरेच्या रेषेत गेली.

कपाटाच्या काचेत टीव्ही दिसत होता. पुरा, कडेपासून कडेपर्यंत, मधल्या फळीवरच्या दोन बाहुल्यांच्या बरोबर मध्ये. त्या दोन बाहुल्या बाजूला सारून कोणीतरी तेवढी जागा रिकामी ठेवली होती. काचेत आत्ता काळा पडदा होता आणि त्यापुढे वाकलेली यामिनी.

"ती सून गेली की?" विशालाक्षींनी काचेकडे बघतच विचारलं. मराठीत. "दाराशी उभी होती ती."

"तुम्ही बघत होता?" यामिनीही मराठीत म्हणाली.

"काचेंत दिसतं की."

"आणि बोलणं? कळत होतं?"

"न कळाया काय झालं? मराठीच न ती." विशालाक्षी जरा रागावल्याच. "आरंभी कळेना. ऐकून ऐकून कळू लागलं. तुझंही कळतं अत्ता."

"अम्मा, मग सांगायचं तरी," यामिनी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी बंद केलं ते. घरात मी एकटीच बघते म्हणून बंद केलं. पाठ करून कशाला बसलात मग?"

"तू कधी ये म्हणून बोलावलं नाहीस," विशालाक्षी म्हणाल्या. "तुझं ते. मी कशी मध्ये बसू?"

आता वर्षभर काही करता येत नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. यामिनी खाली जमिनीवर बसली. मग तिला सुचलं म्हणून तिने मोबाईल काढला, तो भाग शोधला आणि पुढे धरला. विशालाक्षींनी तो जवळ घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले आणि परत दिला.

"ह्या बोटभर फोनांत मज दिसत नाही. तू बघ अन् सांग."

यामिनीने आवाज मोठा केला. सून दारात उभी होती, एकही चौकोन नव्हता. दार सताड उघडं होतं. सुनेने बाहेर बघितलं. खूप वेळ बघितलं, मालिकांत बघतात तसं. मग तिने बॅग खाली ठेवली आणि आतून कडी लावली.

"काय झालं?" विशालाक्षींनी विचारलं. "गेली?"

"नाही, अम्मा. कडी लावून घेतली."

विशालाक्षींनी मान हलवली. परडीतली एक जुडी सोडून तिच्या मांडीवर टाकली आणि पाटावरून थोड्या बाजूला सरकल्या.

"पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "काचेंत अस्कं उलटं दिसायचं."