राखेनं अडवलेले झिंगे

इथिओपियात एक डोंगर फुटला आणि कुंताबाईचे चाळीस किलो झिंगे नागपूरच्या विमानतळावर अडकले.

कुंताबाई गोसीखुर्द धरणाकाठच्या पुनर्वसन गावातली. बायांच्या मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. धरणातले वीतभर लांब झिंगे संस्था पहिल्यांदाच दुबईच्या एका हॉटेलला पाठवत होती. हॉटेलवाल्याने आधी फोटो मागवले, तेव्हा तिने एकेका झिंग्याच्या मिशा सरळ करवून घेतल्या होत्या. बर्फाच्या पेट्या घेऊन ती आणि गाडीवाला निकेश सकाळी आठलाच मालाच्या खिडकीशी हजर झाले.

"विमान रद्द," खिडकीतला बाबू म्हणाला. "ज्वालामुखीची राख आली आहे."

कुंताबाईने वर पाहिलं. आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. "कुठी हाये राख?"

"फार वर. इंजिनात गेली तर इंजिन बंद पडतं, बाई. आफ्रिकेतला डोंगर आहे. बारा हजार वर्षं झोपला होता म्हणतात."

"मंग आनखी दोन दिस झोपला असता तं त्याच्या बापाचं काय गेलं असतं?"

मागे भेंडीच्या पेट्या घेऊन उभा असलेला व्यापारी खो-खो हसला. मग स्वतःच्या भेंडीकडे पाहून गप्प झाला.

पुढचं विमान कधी, ते राखेच्या मर्जीवर. बर्फ तेवढी वाट पाहणार नव्हता. कुंताबाईने मालाचा विमा उतरवून देणाऱ्या राजकुमारला फोन लावला.

"ताई, कागदावर साफ लिहिलं हाये," तो म्हणाला. "दैवी आपत्ती असन तं भरपाई नाई भेटत."

"कोन्या देवानं केलं? नाव सांग."

"तसं नाई ताई. मानसाच्या हातात नसते ते दैवी."

"आमचं गाव धरणात गेलं, ते तं मानसाच्याच हातानं गेलं ना? तवा भरपाई कितीक लवकर भेटली, सांग बरं!"

फोन कटला. रेंज गेली असावी, किंवा राजकुमार.

दोघं नागपूरच्या मच्छीबाजारात गेले, तर सगळ्यांचाच अडकलेला माल तिथे येऊन पडलेला. दलालाने सुकटीचा भाव सांगितला. कुंताबाईने त्याला त्याच्या खानदानासकट काय ते सुनावलं आणि निकेशला म्हणाली, "चाल, गाडी घराकडे घे."

गावात पोचताच तिने चौकात चुली मांडायला लावल्या.

"मीटिंग न घेता माल शिजवता?" संस्थेची सचिव रक्षा हादरली.

"लिही ठराव. अध्यक्षाले राग आला म्हून माल शिजवन्यात आला."

रक्षाने खरंच लिहिला. आणि चार बाया कांदे चिरायला बसल्या.

झिंगे याच गावाने पकडलेले, पण मोठा झिंगा आजवर कुणाच्या ताटात पडला नव्हता. पहिला घास कुंताबाईच्या नवऱ्याने, सुखरामने घेतला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहू लागलं. त्याने सावकाश चावलं, गिळलं, विचार केला.

"नुसतं आंग हाये, चव नाई," तो म्हणाला. "याच्यापरीस आपले वाळले झिंगे बेस. हे खायले लोकं दुबईले पैसे देतात? येडेगिडे हायेत का?"

हे बोलून त्याने तीनदा रस्सा मागून घेतला.

गुरुवारी विमानं सुरू झाली. हॉटेलवाल्याचा फोन आला: माल पाठवा, पण आता थोडा भाव कमी करा, इकडे पर्यटकच आले नाहीत. कुंताबाई तेव्हा जाळ्याची गाठ सोडवत होती. ती आपल्या हिंदीत म्हणाली, "भाव कम नहीं होगा, साब. इधर मांग बढ़ गई है. मंगल को चालीस किलो दो घंटे में खतम हुआ."



"कौन ले गया?" त्याने घाबरून विचारलं.

"हैं एक बड़े लोग," सुखरामच्या पोटाकडे पाहत कुंताबाई म्हणाली.

जुन्याच भावात साठ किलोचा सौदा ठरला.