पाठमोरा शिपाई

चांगुणाबाईचं त्या दिवशी कुठंच बूड टेकत नव्हतं. कालवण चुलीवरून एकदा उतरवलं, पुन्हा चढवलं, मग मीठ दोनदा पडलं म्हणून स्वतःवरच करवादली. थोरला नागनाथ उद्या सकाळी कोळारला चालला होता. बिदरजवळ, गोदामावर राखणदार म्हणून. फौजेत पंधरा वर्षं काढून, एक लढाई बघून आलेला पोरगा. नोकरी तिनंच गावपुढारी जगदेवप्पाच्या हात धुऊन मागं लागून मिळवली होती. खाकी कपडे, पट्टा, शिट्टी. अख्ख्या निंबर्गा गावात कुणाच्या पोराचा असा थाट होता? तरीही तो पुन्हा घर सोडणार हे तिला सोसत नव्हतं, आणि ते चारचौघांत दाखवील ती चांगुणाबाई कसली.

त्यात धाकटा किशन आळंदहून आला. तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. कुठल्याशा अमेरिकेच्या मासिकातलं एक रंगीत पान त्यानं पिशवीतून काढलं आणि खळ लावून भिंतीवर, दिवळीशेजारी चिकटवलं.

"हा कोण आणलास? कुणाचा नवरा?"

"अमेरिकेतला जुना चित्रकार होता, आई, विन्स्लो होमर म्हणून. त्यानं तेलरंगात काढलंय. तिकडं आपसातच लढाई झाली, ती संपल्यावर घरी आलेला शिपाई हाय ह्यो. आल्या आल्या गहू कापायलाय."

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. छातीला लागेल एवढा गहू, भिंतीसारखा सरळ. त्याच्यापुढं पाठमोरा माणूस, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात लांब दांड्याचं वाकडं पातं. वर आभाळाची नुसती पट्टी.

"उभ्यानं कापतो? निम्मं दाणं भुईलाच द्यायचा इचार दिसतोय. आन् शेजारच्या ओळीला पात धरून बसलेल्या बाईच्या पायाचं काय?"

"शेजारी कुणी न्हाई. एकटाच हाय."

"असणारच. कोण येईल असल्याच्या शेजारी?"

नागनाथची बायको विमल पदराआड हसली. सासूनं तिच्याकडं बघितलं तशी ती भाकरीकडं वळली.

"आन् तोंड कामून न्हाई दाखवलं? घरात पाठमोरा माणूस लावतंय व्हय कुणी? पाठ जाणाऱ्याची दिसती."

"तोंड दाखवलं असतं तर आपण लगेच म्हणलो असतो, बिचारा दुःखात हाय, न्हाईतर खुशीत हाय. आन् गेलो असतो आपल्या कामाला," किशन म्हणाला. "आता बघतच राहावं लागतंय."

"मास्तरकी शाळेत कर."

असं म्हणाली खरी, पण पाणी घ्यायला गेली तरी वाट त्या भिंतीवरून, सरपण आणायला गेली तरी त्याच भिंतीवरून. प्रत्येक खेपेला चित्रातलं काहीतरी निराळं डोळ्यांत शिरायचं. सदऱ्यावर पडलेलं ऊन खरं होतं, खपली गव्हाच्या रानात दुपारी पडतं तसं. दुसऱ्या फेरीत पायाशी आडवी पडलेली गव्हाची ताटं दिसली. मग खाली कोपऱ्यात, कापलेल्या गव्हावर टाकलेला फौजी कोट आणि पाण्याची बाटली.

"अंगावरची इज्जत अशी भुईवर टाकतंय व्हय कुणी?" ती भिंतीलाच म्हणाली.

तेवढ्यात नागनाथ बाजारातून आला. उन्हाचा तडाखा असूनही अंगात फौजेचा कोट. आईनं घालायला लावलेला, कारण बाजारात करजगीचे पाहुणे भेटणार होते. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि चित्रापुढं थांबला.

"कापायची तऱ्हा बघितलीस का रे त्याची?" चांगुणाबाई म्हणाली.

"ह्याला विळा कुणी दिला, आई?"

ती हसायला गेली, आणि मधेच तिला प्रश्न कळला. त्यांच्या घरची रीत होती, सुगीच्या पहिल्या दिवशी सगळे विळे चौकात मांडायचे, हळदकुंकू लावायचं, आणि घरातल्या थोरल्या बाईनं ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. आपल्या हातानं कुणी उचलायचा नाही. नागनाथ आल्यापासून ही दुसरी सुगी. दोन्ही वेळा तिनं गडीबायकांना विळे दिले, विमलला दिला, सुट्टीवर आलेल्या मास्तरालाही दिला. नागनाथला दिला नाही.

"तू फौजी माणूस," ती म्हणाली. "बंदूक धरलेल्या हातानं बायकांच्या ओळीत उकिडवा बसून गहू कापणार? लोक काय म्हणतील?"

"मी म्हणलो, रान किशनला द्यायचं ठरलं आसंल. मला काढलं आसंल."

"मला कशाला रान?" किशन म्हणाला. "मला खडू पुरं."

"तोंडानं विचारता येत नव्हतं व्हय तुला?" चांगुणाबाई नागनाथवर उसळली. "एवढ्या मोठ्या लढाईवर जाऊन आलास, आन् आईला भिलास?"

"तिकडं हुकूम मिळायचा," नागनाथ म्हणाला आणि आत गेला. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तो उघडत होता की बंद करत होता, ते तिला कळेना, आणि दारातून डोकावणं तिच्या ताठ मानेला जमेना.

सकाळी तिनं चौकात एकच विळा मांडला. कापणी चार दिवसांपूर्वीच सुरू झाली होती, पहिला दिवस कधीच होऊन गेला होता. तरी हळदकुंकू लावलं. नागनाथ बाहेर आला तो नुसत्या बनियनवर. तिनं विळा पुढं केला. तोंडातून आलं ते एवढंच, "बोट कापून घेऊ नको. आधीच लोकं हसायला टपलेत."

त्यानं विळा घेतला.

ऊन तापायच्या आत जगदेवप्पाची जीप बांधाला येऊन उभी राहिली.

"अक्का, पोरगा कुठाय? तिकडं साहेब थांबलाय. माझ्या शब्दाचं काय?"

चांगुणाबाई पेंढ्या बांधत होती. गावभर ती सांगून बसली होती कोळारचं. आता तेच गाव तिला चार महिने पुरवून चावणार होतं. हाताखालचा बंध दोनदा सुटला.

"त्यालाच इचार," ती म्हणाली.

जगदेवप्पानं हाक मारली. नागनाथ ओळीत उकिडवा बसला होता, दोन बायकांच्या मध्ये, दोघींच्याही मागं पडलेला. त्यानं मान वर केली, घाम पुसला.

"अप्पा, पात धरलीय."

"संपल्यावर ये की."

"पात ओढ्यापतूर हाय."

जगदेवप्पानं चांगुणाबाईकडं बघितलं. "अक्का, अशी नोकरी पुन्हा मिळायची न्हाई."

"न्हाई तर न्हाई. पाणी पिऊन जा," ती म्हणाली, आणि जीप वळेपर्यंत तिनं पेंढीवरून डोकं वर काढलं नाही.