बैल चालला, बैल जेवला

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे. पण मी कधी नांगर ओढला नाही की गवताची काडी चघळली नाही. मी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दोरी बांधून मिरवतात ना, तसला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी करडी गावच्या गोमाजी सुतारांनी नात रुपासाठी मला घडवलं. एक शिंग आखूड झालं. "मारका नाही ना तो, म्हनून," असं ते सांगायचे.

रुपानं मला सहा पोळे ओढलं. मग एक चाक निखळलं, रुपा सायकलवर शाळेत जाऊ लागली आणि उरलेली तीन चाकं कोणीतरी दुसऱ्या बैलाला लावली. मी माळ्यावर गेलो. तिथे बारा वर्षं उभा होतो. उभं राहणं मला चांगलं जमतं.

एका वर्षी भंडाऱ्याच्या एका संग्रहालयात कार्टूनचे सिनेमे कसे बनतात, याचं प्रदर्शन भरलं. तिथल्या प्रतीक्षा मॅडम जुनी खेळणी शोधत करडीला आल्या.

"फोटो काढायचा, वस्तू बोटभर सरकवायची, परत फोटो. सगळे फोटो भरभर दाखवले की वस्तू चालते," त्यांनी समजावलं.

"म्हंजे माया बैल बिनाचाकाचा चालन?" गोमाजी म्हणाले.

"हो, बाबा."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पानठेल्यावर पोचली. तिथे गावातला पैजखोर चिंधू होता.

"लाकूड चालते काय गा? चालला तं मी शेपूट लावून गावात फिरन! नाही चालला, तं गोमाजी, तू आजपासून सोताले सुतार नोको म्हनवू."

"हाव," गोमाजी म्हणाले. तोंडातली सुपारी चावायची राहून गेली.

दिवस ठरला तो नेमका तान्ह्या पोळ्याचा. अर्धी करडी एसटीनं भंडाऱ्याला आली. टेबलावर मी, समोर दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. मला सरकवायचं काम गोमाजींना देऊन मॅडम शाळेच्या पोरांना समजवायला पलीकडे गेल्या. माझ्यापुढे पाटी होती: 'हात लावू नये.'

पहिल्या आल्या गावच्या रंभाबाई, कुंकवाची डबी घेऊन.

"बाई, हात नोका लावू," गोमाजी म्हणाले.

"हात कुठी लावून राहिली? कुंकू लावून राहिली!" असं म्हणत त्यांनी मला स्वतःकडे ओढलं.

मागे रांग लागली. गोमाजी मला बोटभर पुढे सरकवत आणि रांगेतली बाई मला वीतभर मागे ओढे. फोटोची वेळ झाली की गोमाजी सगळ्यांना बाजूला सारत. शकुनबाईंनी माझ्या तोंडापुढे पुरणपोळी ठेवली. बाजूला चिंधू सकाळपासून उपाशी उभा होता. त्यानं एक तुकडा मोडला. फोटोत सापडू नये म्हणून तो कॅमेऱ्याचा टक् आवाज झाला की हात घाली आणि पुढच्या टक्‌च्या आत मागे घेई. इतक्या नेमानं त्या दिवशी तिथे दुसरं कोणीच काम केलं नाही.

चार वाजता पडद्यावर मी दिसलो. दोन पावलं पुढे गेलो. मग मागे. मग बरंच मागे. कपाळ आपोआप लाल झालं.

"मांगं जाऊन राहिला ना तो!" चिंधू ओरडला. "याले चालनं म्हनते काय?"

गोमाजींनी मान खाली घातली.

तेवढ्यात पडद्यावर पोळी आली. तिचा काठ गेला. मग अर्धी गेली. मग ताट रिकामं.

"बाप्पा!" शकुनबाईंनी हात जोडले. "बैल जेवला!"

गोमाजींनी मान वर केली. "सांग चिंधू, जेवला का नाही? जेवते तो चालत नाही काय? का पोळी आनखी कोनं खाल्ली?"

चिंधूच्या मिशीला अजून पुरण होतं. खरं सांगितलं असतं तर पैज तोच जिंकला असता. पण बैलाच्या नैवेद्याला हात घातला, हे शकुनबाईंपुढे सांगणार कोण? त्यानं मुकाट्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मागे खोचला.

"चुकलं आहे, परत काढू या," मॅडम म्हणत होत्या. कोणी ऐकलं नाही. सगळे शेपूट बघत होते.

मित्रांनो, आता मला नवी चाकं आहेत आणि लोक लांबून मला बघायला येतात. मी खरं तर काहीच केलं नाही. मला हलवणारे हात पडद्यावर दिसले नाहीत, एवढंच. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला वर्षातून एकदा तरी बोटभर सरकवा.

आणि पोळी ठेवलीत, तर तिथेच उभे राहा.