उरलेला मार

"ताई, हे कधी आपटलं होतं का?" दुकानदाराने हेल्मेट उलटे धरून विचारले.

आईने ते उशीच्या अभ्र्यातून काढून नुकतेच काउंटरवर ठेवले होते. शेजारी उभी असलेली धाकटी एकाएकी भिंतीवरच्या हातमोज्यांच्या किमती वाचू लागली.

"आपटलं होतं का म्हणजे? यानंच तर माझ्या मुलाला वाचवलं," आई म्हणाली. "गाडी कठड्यावर आदळून उलटली. बघणाऱ्यांनी आशाच सोडली होती. हे डोक्यावर होतं म्हणून पोरगा हाती लागला. आता ही म्हणते, मीपण शर्यतीत उतरणार. म्हटलं, उतर बाई. पण डोक्यावर हेच पाहिजे. तुम्ही फक्त पट्टा हिच्या मापाचा करून द्या. जरा लवकर करा, थोरल्याजवळ शेजारणीला बसवून आलेय."

"आणि ही काय म्हणाली?"

"ही काय म्हणणार! म्हणाली, आधी काकांना दाखवू."

दुकानदाराने धाकटीकडे पाहिले. शर्यतीच्या दिवशी चालकांची हेल्मेटे तपासण्याचे काम त्याच्याकडेच असे. ही मुलगी भावाच्याच संघात मेकॅनिक होती. आपटलेल्या हेल्मेटचे काय करतात, हे तिला त्याच्याइतकेच ठाऊक होते. घरी जे तिच्याने बोलवले नाही, ते त्याच्या तोंडून यावे, म्हणून ती आईला इथवर घेऊन आली होती.

त्याने आतून बोटे फिरवली. "ही गादी कोणी शिवली?"

"मीच. जुनीवरचे डाग निघेनात."

आई कपड्यांची दुरुस्ती करी. कुणाची कंबर आत घ्यायची, कुणाच्या बाह्या आखूड करायच्या. थोरला इस्पितळातून घरी आल्यापासून तिचे मशीन त्याच्या खाटेला लागून होते. हाक मारली की तो डोळे वळवी, भरवले की गिळी. याहून अधिक काही नाही. भेटायला येणारे म्हणत, जीव तर वाचला. तेव्हा आई कपाटावरचे हेल्मेट खाली काढून दाखवी. त्यावरचे ओरखडे तिने बुजवून, रंगवून घेतले होते.

"टाके सुरेख आहेत," दुकानदार म्हणाला. "पण ताई, हे आता कुणाच्याच डोक्यावर चालायचं नाही. हा स्पंज साधा आहे. गाडीनं पेट घेतला तर वितळून कातडीला चिकटेल. गाड्यांच्या शर्यतीत आगीला दाद न देणारं अस्तर लागतं. ते एक वेळ बदलता येईल. पण या अस्तराच्या मागं एक कडक थर असतो. डोकं आदळलं की तो चेपतो. चेपणं हेच त्याचं काम. एकदा चेपला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही."

"बाहेरून तर साधा तडासुद्धा नाही!"

"बाहेरून दिसत नाही ते."

"नवीन खपवायचं म्हणून सांगताय."

दुकानदार रागावला नाही. त्याने खणातून बारीक कात्री काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "शिवण तुमची आहे. तुम्हीच उसवा."

"आई, राहू दे ना," धाकटी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

धाकटीने मान खाली घातली.

"मग सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का मी तुझं?"

"कसं सांगणार? रोज पुसून ठेवतेस तू ते."

आईने कात्री उचलली. स्वतःचेच टाके तिने उसवले. गादी सुटली. मागच्या राखाडी थरात, उजव्या कानाच्या वर, बशीएवढा खोलगट भाग होता आणि त्याच्या कडेने सुकलेल्या चिखलासारख्या भेगा गेल्या होत्या. आईने त्यात तळवा ठेवला. तळवा नीट बसला.

"म्हणजे सगळा मार यानं घेतला?"

दुकानदार म्हणाला, "घेता येण्याजोगा होता, तेवढा घेतला."

"आणि उरलेला?"

धाकटीने आईच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो झटकला नाही, पण तिकडे वळूनही पाहिले नाही. बऱ्याच वेळाने तिने तळवा काढून घेतला.

"दुसरं दाखवा," ती म्हणाली.

"काका, ते निळं—" धाकटीने सुरुवात केली.

"रंग मागाहून. आधी डोकं," दुकानदार म्हणाला.

"हिला डोकं असतं तर या भानगडीत पडली असती का?" आई म्हणाली. धाकटीला हसू फुटले. आईने पिशवीतून टेप काढली आणि कपाळावर, भुवयांच्या किंचित वरून, मागच्या फुगीर भागावरून गोल फिरवली. माप तिने सांगितले. दुकानदाराने ते पुन्हा घेतले नाही. "थोरल्याचं डोकं लांबट, हिचं गोल," ती म्हणाली. "लहानपणी त्याची टोपी हिच्या डोक्यावर कधी बसलीच नाही."

पहिले हेल्मेट घालताच धाकटी म्हणाली, "हे छान वाटतंय."

"दुकानात छान वाटतं ते शर्यतीत सैल असतं," दुकानदार म्हणाला. त्याने हेल्मेट धरून हलवले; ते नुसतेच फिरले, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली नाही. त्याने ते बाजूला ठेवून एक माप लहान काढले, आतल्या पट्टीवरचा शर्यतीच्या मान्यतेचा शिक्का आणि बनावटीचे साल वाचले. हे चढवताना धाकटीचे कान दुमडले, गाल ओठांपाशी गोळा झाले.

"बोलताना गाल चावला जातोय."

"मग बरोबर आहे." त्याने हनुवटीखालचा पट्टा आवळला. "आता ताई, मागच्या कडेखाली बोटं घाला आणि वर, पुढं ओढा. डोक्यावरून निघतंय का बघू."

आईने कॉलर सारखी करावी तसे ओढले.

"असं नाही. काढून घ्यायचंच आहे, असं समजून ओढा."

आईने पाय रोवले आणि ओढले. धाकटीची हनुवटी छातीला टेकली. तिने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"बस, ताई. निघत नाही. झालं."

आई थांबली नाही. दात आवळून, डोळे मिटून, अंगातला सगळा जोर लावून ती ओढत राहिली. टेप खांद्यावरून घसरून खाली पडली. धाकटी पुरे म्हणाली नाही, की तिने काउंटरची कड सोडली नाही. मान ताठ करून ती उभी राहिली. दुकानदार पाठ फिरवून फळीवरचे खोके सारखे करू लागला.

हळूहळू आईची बोटे सैल झाली. हेल्मेट होते तिथेच होते.

"आता अर्धा तास तसंच घालून बसा," दुकानदार पाठमोराच म्हणाला. "कुठं दाबतंय, ते बसल्यावरच कळतं."

दोघी दारापाशी बाकावर बसल्या.

"टोचतंय का गं?" आईने विचारले.

जाड अस्तरातून धाकटीला ऐकू आले नाही. "काय?"

"टोचतंय का?"

"नाही."

आईने मान डोलावली आणि तिच्या मानेवर सुटलेले केस एकेक करून आत सारू लागली.