दोन शिंगांची फिल्म

आपली बायको सत्यवती गेली हे कवडूला धंतोलीतल्या दवाखान्याच्या पायरीवर कळलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाल्या, "गर्भ लहान शिंगात राहिला होता. ते फुटलं. दिवस गेले की लगेच आणा, म्हटलं होतं ना मी?"

दिवस गेल्याचं कवडूला ठाऊकच नव्हतं.

मूल होत नाही म्हणून मागच्या वर्षी याच बाईंनी सत्यवतीच्या गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढला होता. फिल्म खिडकीशी धरून दाखवली होती. काळ्यावर पांढरे दोन फाटे, एक मोठा, एक करंगळीएवढा. "याला आम्ही शिंग म्हणतो. आईच्या पोटातच असं घडतं, यात कोणाची चूक नसते. पण लहान शिंगात गर्भ राहिला तर जिवावर बेतेल."

उमरेडला येऊन कवडूने सगळं घरात सांगितलं. घराने त्यातला एकच शब्द उचलला. त्या दिवसापासून सत्यवती शिंगवाली झाली. विहिरीवर, मागावर, सगळीकडे.

सत्यवती गेल्यावर घरी येऊन कवडूने आईला विचारलं, "माय, तिले दिवस गेल्याचं मले काहून नाही सांगितलं?"

"तीन महिने व्हायच्या आधी सांगत नसते बापा, नजर लागते," पार्वतीबाई म्हणाल्या. "तिलेही मीच गप्प बसवलं." आणि भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तशा आवाजात पुढे म्हणाल्या, "तिच्या शिंगाले मी काय करू?"

तेरवीच्या दिवशी अंगणात पंगत बसली होती. कवडूची वहिनी जिजाबाई सत्यवतीच्या पेटीतून ती फिल्म घेऊन आली. उन्हाकडे धरली. बाया वडे खाता खाता वाकून पाहू लागल्या.

"आमच्या ढवळ्या बैलाचं डोकं दिसते वं."

"ढवळ्याचे सारखे आहेत. हिचं एक खुडलं आहे."

हसू फुटलं. फिल्म या हातातून त्या हातात गेली.

कुहीहून आलेली सत्यवतीची आई गोपिकाबाई भिंतीशी बसली होती. पार्वतीबाईंनी तिच्याकडे मान वळवली. "विहीणबाई, ही पोटात होती तवा गिऱ्हणात काही चिरलं असन तुम्ही."

गोपिकाबाई खूप वेळ आठवत राहिली. "चिरलं असन," ती म्हणाली. पान तसंच सरकवलं, गाठोडं उचललं आणि बसस्टँडकडे निघाली.

कवडू आत खिरीची बादली भरत होता. बाहेर आला तेव्हा फिल्म जिजाबाईच्या मांडीवर होती आणि तिच्यावर वड्याचा तुकडा पडला होता.

"पिशवी आहे ते तिची," तो म्हणाला. "जेवता जेवता पाहून राहिल्या तुम्ही?"

"पाहिलं तर काय झालं गा? आता काय ते तिच्या पोटात आहे?"

फिल्म हिसकून तो मोरीत गेला आणि तिथेच ओकला. मग साबण लावून फिल्म धुतली. बोटांचे तेलकट ठसे निघेनात. पुन्हा धुतली. बाहेर आला तर गोपिकाबाईची जागा रिकामी होती. ती काय ऐकून आणि काय कबूल करून गेली ते त्याला पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. तोवर कुहीची बस निघून गेली होती.

पंगत चालूच होती. कोणीतरी खीर मागत होतं.

फिल्म आता कवडूच्या उशाखाली असते. कुहीची बस रोज त्याच्या दारावरून जाते. यात कोणाची चूक नसते, हे गोपिकाबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही.