खिडकीतून फेकलेली बॅग

मित्रांनो, चेन बिघडलेल्या, कोपरे झिजलेल्या बॅगेकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी जेवढ्या एसट्या पाहिल्या, तेवढ्या एखाद्या कंडक्टरनेही पाहिल्या नसतील.

मी रेक्झिनची बॅग. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका कारागिराने माझे बंद दुहेरी दोऱ्याने शिवले. नव्वदच्या सुमारास सोमशेखरांनी मला विकत घेतलं. माझे मालक राहायचे शिवाजी पेठेत, पण ते फक्त म्हणायला. एका पंपाच्या कारखान्याचा माल खपवत ते गावोगाव फिरायचे. सोमवारी चंदगड, मग बेळगाव, आठवड्याच्या शेवटी गगनबावडा.

फिरतीच्या माणसाला सवयी लागतात, आणि त्या घरीही सुटत नाहीत. लॉजवर ते धुतलेलं बनियन पंख्यावर वाळत घालायचे. घरीही तेच! थेंब उडाले की त्यांच्या पत्नी, महादेवीवहिनी, ओरडायच्या, "अवं, हे घर हाय, लॉज न्हवं!" स्वतःच्या घरातून निघतानाही ते काही राहिलं का म्हणून कॉटखाली वाकून बघायचे. जेवण झालं की त्यांची नजर बडीशेपेची बशी शोधायची. मला हसू यायचं, आणि मग फार वाईटही वाटायचं. बिचाऱ्यांना आपलं घर मुक्कामाच्या गावासारखं झालं होतं.

सगळ्यात पक्की सवय जागा धरायची. गाडी फलाटाला लागते न लागते तोच ते मला खिडकीतून आत फेकायचे. मी पडेन ती जागा त्यांची. लोक रुमाल टाकतात. रुमाल कोणीही उचलून बाजूला ठेवतो, पण पंपाच्या सुट्या भागांनी भरलेल्या बॅगेला हात लावायची कोणाची टाप होती? या कामाचा मला मोठा तोरा होता.

एका वर्षी त्यांची मुलगी शांभवी शाळेच्या शनिवारच्या गॅदरिंगमध्ये माकड होणार होती. आधीच्या दोन्ही गॅदरिंगना तिचे आप्पा फिरतीवर होते. सोमवारी ते निघाले तशी तिने त्यांचा हात धरला.

"आप्पा, तुमी समोर दिसल्याबिगर मी शेपूट लावनार न्हाय."

"येतो की गं. शनवारी दुपारच्या आत हजर!"

शनिवारी सकाळी गगनबावड्याच्या स्टँडवर इतकं धुकं होतं की शेजारचा माणूस दिसेना. मालकांनी नेहमीच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत मला फेकलं आणि ते चहाला गेले. पाटी वाचायचा प्रश्नच नव्हता, कोल्हापूरची गाडी रोज तिथेच लागायची. त्या दिवशी नेमकी तिथे घाट उतरून कोकणात जाणारी लागली होती. बघता बघता माझ्यावर तांदळाची पोती रचली गेली. मालक धावत आले, तेव्हा आकाराम कंडक्टर घंटी मारत होता.

"पावणं, ही कोकणात चालली! कोल्हापूरची पल्याड हाय, सुटली बघा ती!"

"आवो, माझी बॅग हाय आत! सगळा माल हाय!"

"पोती हलवायला येळ लागंल. बॅग पायजे का गाडी? लवकर बोला!"

मालकांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. ते थांबणार याची मला खात्री होती. लॉजवर अंघोळीला जातानाही ते मला डोळ्याआड करत नसत. पण ते वळले आणि धुक्यात पळत सुटले. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं आणि रागही आला.

घाटाखालच्या डेपोत, सापडलेल्या छत्र्यांच्या ढिगात मी आठवडा काढला. पुढच्या रविवारी मालक आले, सोबत शांभवी होती. पहिल्या रांगेत घामाघूम झालेले आप्पा दिसले आणि मग शेपूट कसं लावलं, हे तिने तिथल्या साहेबांना न विचारताच सांगून टाकलं. मग मला कवटाळून तिने विचारलं, "आप्पा, ही गावलीच नसती तर?"

"दुसरी घेतली असती की. माकड कुठं दुसरं मिळतंय?"

ते ऐकलं आणि माझा सगळा राग निवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी सतत फिरतीवर असेल. त्याच्या सवयींना खुशाल हसा. पण तो दारात आला की आधी त्याच्या हातातली बॅग घ्या आणि त्याला जवळ बसवा. आणि मोठे होऊन तुम्ही स्वतः फिरतीवर जाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. वाट बघत पडून राहायची सवय आम्हा बॅगांना असते. घरच्या माणसांना ती लागू देऊ नका.