खैरूचाचीची सुधारलेली प्रत

प्रेमानंद तांबेच्या स्वभावाचा जमाखर्च मांडायचा झाला, तर जमेच्या बाजूला एकच भरभक्कम नोंद निघेल: याला चूक दिसते. खर्चाच्या बाजूलाही तीच: याला चूकच दिसते. लग्नाच्या पंगतीत त्याला आधी मांडवाचा तिरका खांब दिसायचा, मग नवरा-नवरी. क्वालिटी इंजिनिअर म्हणून आखातातल्या दुक्मच्या रिफायनरीवर त्याच्या लाल पेनाचा एवढा धाक होता की तो येताना दिसला की फोरमन नुसतं "यल्ला", चला उरका, म्हणायचा आणि पोरं वेल्डिंगचे सांधे पुसायला लागायची.

साइटवरचा एक नियम तर त्याच्या हाडात मुरला होता. नवा नकाशा आला की जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, सगळ्या प्रती गोळा करायच्या आणि फाडून टाकायच्या. एक जरी जुनी प्रत कुठे राहिली, तर कुणीतरी बरोबर तीच उचलतो आणि भलत्या जागी खांब उभा करतो. दुक्मला असा एक खांब उभा राहिलाही होता. तो पाडताना प्रेमानंदने जे ऐकून घेतलं, ते त्याने बायकोलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

पुढे तो इब्राला पाण्याच्या टाक्यांच्या कामावर आला. दुक्मला सगळे सडेफटिंग; इब्राला निदान बायकोला, माधवीला, आणता आलं. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या गावात एका जुन्या घरात छोटंसं संग्रहालय उघडत होतं. गावात वर्षानुवर्षं राहिलेल्या परदेशी माणसांचे आवाज, त्यांच्याच भाषेत, भिंतीवर हेडफोन लावून ऐकवायचे, अशी कल्पना. मल्याळी, बलुची, बंगाली असे सगळे कोपरे ठरले. मराठीसाठी संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा प्रेमानंदने हात वर केला. काम नेमकं होईल याची त्याला खात्री होती.

मराठी कोपऱ्यात पहिलं नाव अर्थातच खैरुन्निसाचं. दापोलीकडची बाई, सगळं इब्रा तिला खैरूचाची म्हणायचं. नवरा हुसैनमियाँ सूकमधला, म्हणजे गावच्या बाजारातला, शिंपी. तो जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आता लेकीची, अंबरीनची, नोकरी सोहारला बदलली होती. तिथल्या दोन खोल्यांत चाचीचा जीव रमणार नाही, म्हणून चाची दापोलीला भावाकडे निघाली होती. कायमची.

प्रेमानंद फोन घेऊन तिच्या घरी गेला आणि चाची सुटली.

"आमी आयलू तवा हय काय व्हता, बाला? रेती नी वारा. सकाली झाडलं तर दुपारी परत सगला घर रेतीन भरलेला."

मग तिने बुधवारच्या बायकांच्या बाजाराचं सांगितलं. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. मग शिंप्याने मापं घ्यायची कशी? मापं चाची घ्यायची. टेप वापरायची नाही, कारण आकडे तिला येत नव्हते. प्रत्येक बाईची एक दोरी. छातीला एक गाठ, कमरेला एक, बाहीला एक. दोऱ्या घरी आणून नवऱ्यापुढे टाकायची, आणि तो दोरी हातात घेऊनच ओळखायचा की ही कोण. सांगताना चाचीची बोटं हवेत गाठी मारत होती. मध्येच ती अडली आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडली, "ओ, ऐकताव काय? एक खांदा खाली असलेली ती कोन वो, सालिमाची भैन?"

आत कुणी नव्हतं. अंबरीन स्वयंपाकघरात होती, तिचंही भांडं थांबलं. चाची कान देऊन बसली, आणि मग उत्तर आल्यासारखी समाधानाने म्हणाली, "हां. शम्सा."

आणि पुढे बोलू लागली.

घरी येऊन प्रेमानंदने ते ऐकलं आणि सवयीने चुका काढायला बसला. पंख्याची घरघर. खोकला दोनदा. मधेमधे अरबी शब्द, विनाकारण. 'आमी', 'पानी', 'कोन'. नवऱ्याला मारलेली हाक: विषयांतर, शिवाय माणूस हयात नाही.

इथे प्रेमानंदच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो स्वतः खेड तालुक्यातला. त्याची आईही 'पानी'च म्हणायची. पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या तोंडी परीक्षेत तोही 'पानी' म्हणाला, आणि मास्तरांनी हसू दाबत त्याला ते वर्गासमोर पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून त्याचा 'ण' हातोडीसारखा पडतो. चाचीला कुणी हसू नये, एवढंच त्याला वाटलं. माणूस स्वतःची लाज दुसऱ्याच्या अंगावर पांघरतो आणि त्याला माया म्हणतो, तसलाच तो प्रकार.

त्याने सगळं शुद्ध भाषेत लिहून काढलं आणि माधवीला वाचायला बसवलं. माधवीचा आवाज चांगला. मस्कतच्या कार्यक्रमांचं निवेदन तीच करायची.

"'आम्ही इब्रा येथे आलो, तेव्हा सर्वत्र वाळूचे साम्राज्य होते'," तिने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "तांबेसाहेब, चाची असं बोलली?"

"अर्थ तोच आहे."

"आणि खोकलासुद्धा दुरुस्त केलात? प्रेम, तिचा आवाज कुठाय यात?"

"तुझा जास्त स्पष्ट आहे. ऐकणाऱ्याला कळायला नको?"

माधवीने डोळे फिरवले, पण वाचलं. म्हणजे तिच्याही खात्यावर थोडं पडलं. मग प्रेमानंदने नवी प्रत संग्रहालयाकडे पाठवली आणि जुनी फोनमधून, संगणकातून, सगळीकडून शोधून पुसली. नियम म्हणजे नियम. मनाला फार स्वच्छ वाटलं.

संग्रहालय उघडलं त्या सकाळी चाची जरीची ओढणी घेऊन आली. प्रेमानंदने स्वतः तिच्या कानांवर हेडफोन चढवला. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"ही बाई कोन रं? मस चांगली बोलते. शिकलेली दिसते."

"चाची, तुमचीच गोष्ट आहे ती."

"माजी?" चाचीने हेडफोन काढून उलटसुलट बघितला. "मग मी कुठं हाय?"

आजूबाजूचे हसले. प्रेमानंदही हसला. चाचीने हेडफोन पुन्हा चढवला आणि पहिल्यापासून ऐकू लागली. तिचे ओठ हलत होते. हिला आवडलं, असा प्रेमानंदने स्वतःच्या सोयीचा अर्थ काढला.

अंबरीन त्याला बाजूला घेऊन गेली. "प्रेमानंदभाई, माधवीभाभींनी मस्त वाचलंय. पण मला अम्मीचं ओरिजिनल पाहिजे. ती अब्बांना हाक मारते ना, ते. अब्बा गेल्यापासून अम्मीने ती हाक एकदाही मारली नव्हती. त्या दिवशीच मारली. मी किचनमध्ये होते."

"आहे ना," प्रेमानंद म्हणाला. "घरी आहे."

चूक पकडणाऱ्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते. त्याचं खोटं नव्या बुटासारखं करकरतं. माधवीने त्याच्याकडे पाहिलं. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "फाडलंस ना?"

त्याने मान हलवली. त्या रात्री त्याने फोन पुन्हा उचकला. पुसलेलं परत आणणाऱ्या कुठल्याशा ॲपला पैसेही भरले. चाचीच्या घराच्या दाराचा एक फोटो तेवढा सापडला. पुसण्याचं काम त्याने नेहमीप्रमाणे नेटकं केलं होतं.

चाची जाण्याआधीच्या शुक्रवारी तो तिच्या घरी पोचला. बैठकीत खोकी बांधून ठेवलेली. "आवाज थोडा बारीक आलाय," तो अंबरीनला म्हणाला. "एकदा पुन्हा घेऊ. चांगलाच होईल." अंबरीनने फक्त पंखा बंद केला.

चाची मात्र तयारीत होती. पाठ ताठ, हात मांडीवर एकात एक गुंफलेले, जशी शाळेतली मुलगी.

"आम्ही इब्रा येथे आलो," तिने सुरू केलं, "तेव्हा सर्वत्र वाळूचे साम्राज्य होते."

प्रेमानंदने हात वर करून तिला थांबवलं. "चाची, असं नको. तुमच्या बोलीत सांगा."

"हीच तर बरोबर हाय ना? तूच लिवलास. अंबरीननं तिथं फोनवर भरून घेतला, तो परत-परत ऐकून पाठ केलंय. 'ण' पन जमतो आता. पा-णी."

"पहिलं सांगितलं होतं ना, तसंच सांगा. तेच चांगलं होतं."

"चांगला व्हता तर बदललास कशाला?"

तिने हे रागाने विचारलं असतं, तर त्याला सोपं गेलं असतं. तिने खरोखरच विचारलं होतं. प्रेमानंदला सुचली ती आईची बोली, कैक वर्षं तोंडात न आलेली. "तसा नाय गो चाची, तू बोल तुज्या मनान, मी काय बोलूचा नाय..."

शब्द बरोबर होते, पण दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखे बाहेर पडले. चाचीचा चेहरा पडला. "थट्टा करतोस काय रं म्हातारीची?"

"नाही, नाही चाची. शपथ."

"मग गप बस. माजा विसरेल."

आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं. सर्वत्र वाळूचे साम्राज्य. महिलांचा बाजार. दोरीच्या साहाय्याने मापे. एकात एक गुंफलेली बोटं एकदाही हलली नाहीत. बोलता बोलता ती त्या जागेपाशी आली. तिथे ती थांबली. मान आतल्या खोलीकडे वळली, तोंड उघडलं. दारात उभ्या अंबरीनने श्वास रोखला. देवावर विश्वास नसतानाही प्रेमानंदने मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडले.

चाचीने मान परत फिरवली आणि त्याच्याकडे बघितलं. परीक्षा घेणाऱ्याकडे बघावं तसं. हे यात नाही ना? मग उघडलेलं तोंड मिटलं, आणि पुढचं वाक्य शुद्ध भाषेत बाहेर आलं. शम्साचं नाव आलंच नाही.

जिन्यावर अंबरीन त्याला सोडायला आली. "ओरिजिनल नाहीच आहे ना तुमच्याकडे?"

"नाही."

ती ओरडली असती तर त्याने ते सहीसकट स्वीकारलं असतं. "अम्मीला सांगू नका," ती म्हणाली. "तिला वाटतंय, तुम्ही तिला शिकवलंत." आणि ती वर गेली.

संग्रहालयाच्या प्रतीतून माधवीचा आवाज काढून प्रेमानंदने चाचीचा लावला. पाठ केलेला का होईना, तिचा. माधवी शेजारी बसून ऐकत होती. मध्ये ती जागा आली. कितीतरी वेळ काहीच नाही. फक्त कुठल्याशा वाहनाचा आवाज आणि एक आत ओढलेला श्वास.

"इथे रिकामं आहे," ती म्हणाली. "काढतोस?"

"राहू दे."

चाची दापोलीला गेली. महिन्याभरात संग्रहालयाच्या बाईंचा निरोप आला: मराठी कोपऱ्यातल्या ध्वनिफितीत मध्येच दोष आहे, लोकांना हेडफोन बिघडला असं वाटतं, कृपया दुरुस्त करून पाठवा. दोष दाखवला आणि प्रेमानंद तांबेने तो मिटवला नाही, असं त्याच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्याने कळवलं की दोष खरा आहे, माझा आहे, आणि तो तसाच ठेवावा.

आता कामावरून सुटल्यावर तो कधी कधी तिथे जातो. कुणी ना कुणी हेडफोन लावून उभं असतं. ती जागा आली की माणूस कपाळाला आठी घालतो, हेडफोनवर बोटाने टकटक करतो, आणि बऱ्याचदा तिथेच काढून ठेवतो. थोडा वेळ थांबणारं क्वचितच कुणी. प्रेमानंद मागच्या बाकावर बसून राहतो आणि मनातल्या मनात ते नाव घेतो, जोरात घ्यायची त्याची हिंमत होत नाही. शम्सा.